उजनीचा मासा : व्याज आणि मुद्दल



सोलापुरात माशावर व्याख्यान म्हटल्यावर काहींना हसू आले असेल. आपली ख्याती चादरीची, शेंगाचटणीची आणि कडक भाकरीची. पण 1980 साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, मैलोगणती पाणी पसरले, आणि भिगवण-टेंभुर्णीच्या बाजूला मासळीच्या ताटासाठी गाड्या थांबू लागल्या. वाम, मरळ, शिंगटा, रोहू, कटला ही नावे आता आपल्या तोंडची झाली आहेत.

या माशाला कोणी रोज दाणा टाकीत नाही. नदी त्याला वाढवते आणि आपण तो काढून घेतो. म्हणून त्याचा हिशेब सावकारी हिशेबासारखा आहे. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये.

हा हिशेब पाळणारे लोक जगात आहेत. अमेरिकेतील अलास्का 1959 साली राज्य झाले, तेव्हा मासळीचा साठा टिकवूनच ती धरावी, हे तत्त्व त्यांनी राज्यघटनेत लिहून ठेवले. तेथील साल्मन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीला परततो. वर किती मासे जात आहेत हे माणसे मोजतात आणि त्या अंदाजावर जाळी टाकण्याची मुभा देतात किंवा थांबवतात. आधी पुढच्या पिढीची सोय, मग ताट.

आपल्याकडे काय होते? रोहू-कटला पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. अशा दिवसांत बारीक छिद्रांचे जाळे लागले की बोटभर पिल्लेही वर येतात. ते मुद्दलच झाले. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, ते निराळेच. घाण पाण्यातही तग धरणारा चिलापी मग माजतो. हा मूळचा आफ्रिकेचा. 1952 साली तो भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. गरिबाच्या ताटाला त्याने आधार दिला, हे मान्य; पण नुसता चिलापीच उरणे हे काही नदीच्या आरोग्याचे लक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यांपैकी 63 टीएमसींहून अधिक पाण्याला कागदोपत्री ‘मृतसाठा’ म्हणतात. कालव्याच्या दृष्टीने तो मृत; माशाच्या दृष्टीने उन्हाळ्यातले तेच जिवंत घर. 2024 च्या उन्हाळ्यात तोही उपसला गेला, पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडले. ते पाहायला आपण गर्दी केली. त्या वेळी माशांनी कोठे जावे, हे किती जणांनी विचारले?

मच्छीमाराला दोष देऊन आपण सुटत नाही. बोटभर मासळीला गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती धरली जाते. उद्या बाजारात पिल्लांची टोपली दिसली तर, ‘मावशी, मोठा मासा असेल तेव्हा घेईन’, एवढे म्हणून पुढे जा. तेवढ्याने धरण वाचणार नाही; पण मुद्दल कोणाचे आहे, ते आपल्याला कळले, एवढे ठरेल.