वस्तीचे स्थलांतर आणि शाळेचा पट

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी बोलावे, अशी साहजिक अपेक्षा असते. ते काम या व्याख्यानमालेत माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी केले आहे. मी आज पुढील दहा वर्षांविषयी बोलणार आहे. गिरणगावातल्या आपल्या या शाळेभोवती जिकडे पाहावे तिकडे पत्र्याची कुंपणे उभी राहिली आहेत. जुन्या चाळी उतरवल्या जात आहेत. या सभागृहातील अनेकांच्या घरी पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा आला आहे, काहींनी सह्याही केल्या आहेत. त्या मसुद्यात वाढीव क्षेत्रफळ असते, दरमहा भाडे असते, कॉर्पस निधी असतो, बँक हमी असते. मूल शाळेत कसे जाईल, याविषयी मात्र एकही कलम नसते. माझा आजचा विषय तेवढाच आहे. तो मांडण्यासाठी मी आपल्याला आधी चेन्नईला नेणार आहे.

चेन्नईच का, असे आपण विचाराल. माझी मुलगी नोकरीनिमित्त तेथे असते, त्यामुळे गेली काही वर्षे माझे तेथे जाणे-येणे आहे. शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या राजीव गांधी सालै या रस्त्यावर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. त्याच रस्त्यापासून जवळच कण्णगी नगर नावाची वसाहत आहे आणि आणखी दक्षिणेला सेम्मंजेरी व पेरुंबाक्कम या वसाहती आहेत. शहराच्या मध्यभागातून हलवलेली हजारो कुटुंबे येथे राहतात. शिक्षिकेची नजर सवयीने मुलांवर जाते. तेथील मुले कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न मला पडला आणि मी या वसाहतींचा इतिहास वाचू लागले.

हा इतिहास आपल्याला परका नाही. झोपडपट्ट्यांची सुधारणा व निर्मूलन यांसाठी महाराष्ट्राने आणि तामिळनाडूने एकाच वर्षी, १९७१ मध्ये, कायदे केले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, तामिळनाडूत झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन झाले होते. गरिबाच्या हास्यात ईश्वर पाहू या, अशा अर्थाचे अण्णादुराईंचे वचन मंडळाने ब्रीद म्हणून स्वीकारले. आरंभीच्या वर्षांत मंडळाच्या कामाचा भर, जेथे झोपड्या होत्या तेथेच तीन-चार मजली इमारती बांधण्यावर होता. खोल्या लहान होत्या, बांधकाम साधे होते, पण कामाची जागा तीच राहिली, बाजार तोच राहिला, शेजार तोच राहिला. मुलेही त्याच शाळेत जात राहिली.

पुढे शहरातील जमीन महाग होत गेली. कूवम व अड्यार या नद्यांचे काठ मोकळे करणे, उन्नत रस्ते बांधणे, पूरनियंत्रण अशी एकामागून एक कारणे येत गेली, आणि त्याच जागी घर देण्याऐवजी दूर घर देण्याची पद्धत रूढ झाली. २००० साली कण्णगी नगर वसू लागले. आज त्याला लागून असलेल्या एळिल नगरासह तेथे वीस हजारांहून अधिक घरे आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरील कुटुंबे सेम्मंजेरीला नेण्यात आली. पेरुंबाक्कमला आठ मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि २०१५ च्या महापुरानंतर नदीकाठची अनेक कुटुंबे तेथे गेली. पुरापासून संरक्षण म्हणून ज्यांना हलवले, त्यांना जेथे नेले तो भाग पळ्ळिकरणै पाणथळीच्या परिसरातला, सखल. पावसाळ्यात तेथेही पाणी साचते.

कण्णगी हे नाव आपल्यापैकी काहींना परिचित असेल. ‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्याची ती नायिका. पुहार हे आपले नगर सोडून पतीसह ती मदुरेला येते. तेथे चोरीच्या खोट्या आळामुळे पतीचा वध होतो, आणि ती थेट पांड्य राजाच्या दरबारात जाऊन न्याय मागते. स्वतःचे नगर सोडून परक्या नगरात आलेल्या आणि राजाला जाब विचारणाऱ्या स्त्रीचे नाव या वसाहतीला दिले गेले. ज्याने दिले त्याच्या मनात हा अर्थ होता की नाही, हे कोणी सांगावे! तेथे राहायला गेलेल्यांच्या वाट्याला मात्र तो आला.

घर पक्के झाले, नळ आला, विजेची जोडणी आली, हे खरे. पण शहरातल्या घरी धुण्याभांड्याला जाणारी बाई, बाजारात मासळी विकणारी बाई, गोदीत हमाली करणारा माणूस हे सारे कामापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर गेले. पहाटेची बस चुकली की दिवसाचा रोजगार बुडतो. आई पहाटे निघते आणि अंधार पडल्यावर परतते. मग धाकट्याला शाळेत कोण पोचवणार? थोरली मुलगी. आणि थोरलीची शाळा? येथेच पटावरील नाव हळूहळू गळू लागते.

शाळा नव्हत्या असे नाही. शाळा आल्या, पण घरांच्या मागाहून आल्या आणि मुलांच्या संख्येला अपुऱ्या पडल्या. त्यातही सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे वेळेची निवड. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस कूवमच्या काठावरील सत्यवाणी मुत्तू नगर ही जुनी वस्ती हटवण्यास सुरुवात झाली आणि तेथील कुटुंबे पेरुंबाक्कमला पाठवण्यात आली. शैक्षणिक वर्ष निम्म्याहून अधिक सरले होते. दहावी-बारावीच्या मुलांची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. परीक्षेआधी दप्तर, पुस्तके, गणवेश, दाखले यांची काय अवस्था होते, हे घर बदललेल्या कोणत्याही आईला विचारावे. जून किंवा मे महिना गाठता आला असता. नदी तेवढे महिने थांबली असती.

हे ज्या राज्यात घडले ते शिक्षणाविषयी उदासीन राज्य नव्हे, म्हणून मला ते अधिक विचार करण्याजोगे वाटते. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे ओळखून कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला, आणि पुढे साऱ्या देशाने तो मार्ग स्वीकारला. मुलाच्या ताटाचा इतका विचार करणारी व्यवस्था त्याच मुलाचे घर हलवताना शाळेचा विचार सर्वांत शेवटी करते. यात मला कोणाचा दुष्टपणा दिसत नाही. घरे बांधणारे खाते वेगळे, शाळा चालवणारे खाते वेगळे. एकाच्या कागदावर सदनिका असतात, दुसऱ्याच्या कागदावर विद्यार्थी. सदनिकेत विद्यार्थी राहतो, ही नोंद दोन्ही कागदांवर नसते.

आणखी एक नुकसान मोजण्यात येत नाही. कण्णगी नगरचा पत्ता सांगितला की नोकरी नाकारली जाते, असा अनुभव तेथील तरुण वर्षानुवर्षे सांगत आले. अर्जावर नातेवाइकाचा पत्ता लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आली. साऱ्या शहरातील गरिबी एका जागी गोळा केली की त्या जागेचे नाव बदनाम होते, आणि ते नाव मुलाच्या दाखल्यावर चिकटते.

मात्र याच वसाहतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये तेथील इमारतींच्या भिंतींवर भव्य चित्रे रंगवली गेली आणि बाहेरची माणसे ती पाहायला येऊ लागली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बहारीन येथील आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत भारतीय मुलींच्या कबड्डी संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाची उपकर्णधार कार्तिका कण्णगी नगरची आहे. आज सारे तामिळनाडू तिला ‘कण्णगी नगर कार्तिका’ म्हणून ओळखते. जो पत्ता लपवावा लागत होता तो तिच्या नावाच्या आधी अभिमानाने लागतो. कबड्डीवर जीव टाकणाऱ्या आपल्या लालबाग-परळला याचे मोल वेगळे सांगायला नको. मैदान, शिकवणारा माणूस आणि रोज तेथे जमणारी मुले एवढे मिळाले की वसाहतीची वस्ती होते. पण याला पंचवीस वर्षे लागली, हे विसरू नये. वस्ती पुन्हा उभी राहायला पाव शतक लागते आणि मुलाचे शालेय वय अवघे दहा वर्षांचे असते. मधल्या काळात जी मुले शाळेबाहेर गेली, त्यांच्यासाठी हे सुवर्णपदक उशिरा आले.

मग जुनी घरे तशीच ठेवावीत काय? मुळीच नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईच्या तिरुवोट्रियूर भागात याच मंडळाने बांधलेल्या एका जुन्या इमारतीतील चोवीस घरे कोसळली. रहिवासी थोड्याच वेळापूर्वी बाहेर पडले होते म्हणून प्राण वाचले. आपल्याकडील चाळींची स्थिती आपण जाणता. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना त्याच परिसरात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आनंद मलाही झाला. याउलट तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवली गेली, त्यांचे हाल मुंबईने पाहिले आहेत. तेव्हा घर नवे व्हावे की नाही, हा वाद नाही. ते कोठे, केव्हा आणि कोणाला विचारून व्हावे, हा आहे.

आपण तर त्याच जागी परतणार आहोत, मग आपल्याला चिंता कशाची, असे आपण म्हणाल. चिंता मधल्या वर्षांची आहे. विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यात या भागात खोली परवडत नाही, म्हणून कुटुंब डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला जाते. मूल तेथील शाळेत दाखल होते, बहुधा इंग्रजी माध्यमाच्या. इमारत तीन वर्षांत होणार असते, तिला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर तिसरीतले मूल नववीत जाते. कुटुंब परत येते, मूल या शाळेत परत येत नाही. मराठी शाळांचा पट का घसरतो, याची चर्चा आपण माध्यमाच्या ओढीवर आणून संपवतो. ती ओढ आहेच. परंतु जिची मुले चालत शाळेत येत होती ती चाळच उठली, हेही तितकेच मोठे कारण आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे शाळेचे अंतर उगीच ठरवलेले नाही. लहान मूल जेथवर एकटे, निर्भयपणे चालत जाऊ शकते, तेवढीच त्याची वस्ती असते.

म्हणून माझी आपल्याकडे काही स्पष्ट मागणी आहे.

पालकहो, आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत एक यादी ठेवा. इमारतीत शाळेत जाणारी मुले किती, कोणत्या इयत्तेत, कोणत्या शाळेत. ही यादी सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. चेन्नईत जी नोंद दोन्ही कागदांवर नव्हती, ती आपल्या कागदावर असू द्या. दुसरे, घर रिकामे करण्याची तारीख वार्षिक परीक्षा संपल्यानंतरची आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीची असावी, असे कलम करारात घालण्याचा आग्रह धरा. त्यासाठी विकासकाला वेगळा खर्च येत नाही, फक्त दिनदर्शिका पाहावी लागते. तिसरे, ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना भाड्यासोबत मुलांच्या प्रवासखर्चाची रक्कम मिळावी, हा मुद्दा वाटाघाटीत मांडा.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यात वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, आणि बांधकाम व्यवसायात यशस्वी झालेलेही आहेत. या तीन कलमांचा कायदेशीर मसुदा तयार करून द्या. तो छापून या परिसरातील प्रत्येक सोसायटीला देण्याची जबाबदारी शाळा घेईल. हीरक महोत्सवासाठी आपण उदारपणे देणग्या दिल्या, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहेच. पण हा दोन पानांचा मसुदा मी त्या देणग्यांच्या बरोबरीचा मानीन.

शाळेच्या वतीने मीही एक शब्द देते. पुनर्विकासामुळे तात्पुरते दूर गेलेले कोणतेही मूल परत आले, तर त्याच्या इयत्तेत त्याच्यासाठी जागा असेल. मधल्या काळात भाषेत, गणितात मागे पडले असेल, तर त्याची तयारी शाळा सुटल्यावर आमचे शिक्षक करून घेतील. व्यवस्थापन समितीने या दोन्ही गोष्टींना संमती दिली आहे.

या परिसरात नवे मनोरे उभे राहतील. त्यांच्या बाराव्या-विसाव्या मजल्यावरून आपली शाळा लहान दिसेल. तिथून खाली उतरून सकाळी सात वाजता दप्तर पाठीला लावून चालत येणारी मुले त्या मनोऱ्यांत राहत असली पाहिजेत. तसा करार करणे आज आपल्या हातात आहे. सही झाल्यानंतर ते राहणार नाही.