सावली अंगावर वागवणारं झुडूप

दक्षिण अ‍ॅरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचा वायव्य भाग, एवढा सोनोरा वाळवंटाचा पसारा. हिवाळ्यात पाऊस बरा झाला की मार्चच्या सुमारास तिथले खडकाळ उतार पिवळेधमक होतात. त्यात मोठा वाटा असतो ब्रिटलबुश या कमरेएवढ्या झुडपाचा. शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा. सह्याद्रीवरची सोनकी आणि आपल्या दसऱ्याचा झेंडू ज्या कुळातले, त्याच सूर्यफुलाच्या कुळातलं हे. फुलं पानांच्या वर, लांब देठांवर डोलतात. त्यांचं कौतुक पुष्कळ होतं. मला मात्र आज पानाबद्दल बोलायचं आहे, कारण खरी करामत पानात आहे.

या झुडपाला वर्षभर एकाच तऱ्हेची पानं नसतात. ओल असताना येणारी पानं मोठी आणि हिरवी. उन्हाळा चढत जातो तशी नवी पानं लहान आणि पांढरी येत जातात. हा पांढरा रंग लवीचा. बारीक, निर्जीव, हवेने भरलेल्या केसांची ती दाट लव ऊन परतवून लावते. हिरवं पान अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे 85 टक्के प्रकाश शोषतं, तर अगदी पांढरं पान जेमतेम 30 टक्के.

या लवीचं मोल 1976 साली एलेरिंगर, ब्योर्कमन आणि मूनी या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. तुलनेला त्यांनी एन्सेलिया याच वंशातली, पण वेगळ्या जातीची, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची, बिनलवीची बहीण घेतली होती. पान अन्न सर्वांत चांगलं तयार करतं ते 25 अंशांच्या आसपास, आणि वाळवंटातली दुपार सहज 40 अंशांवर जाते. घाम काढून गार राहावं, तर पाणी नाही. म्हणून हे झुडूप ऊनच नाकारतं.

पण ज्या प्रकाशाला ते परत पाठवतं, त्याच प्रकाशावर त्याचं पोट भरतं! पाणी वाचवायचं तर उपाशी राहायचं, असा हा सौदा आहे. आणि तो कायमचा ठरलेला नाही, हे मला विलक्षण वाटतं. ओल असेल तर लव विरळ, पोटभर अन्न. ओल आटली की लव दाट. अगदीच कोरड पडली, तर पानंही गाळून टाकायची.

पानापलीकडे माणसांच्या कामी आलं ते या झुडपाचं खोड; त्यातून राळ पाझरते. सोनोराच्या किनाऱ्यावरचे सेरी लोक बुंध्याजवळची राळ तापवून तिने मासेमारीच्या भाल्यांची टोकं पक्की बसवत. वरच्या फांद्यांची चिकट राळ मातीची भांडी बंद करायला. स्पॅनिश मिशनऱ्यांनी हीच राळ धुपासारखी जाळली. याच वाळवंटातल्या तोहोनो ओओधाम लोकांच्या मुलांनी मात्र ती सरळ तोंडात टाकून चघळली.