लाटणं खाली ठेवताना



लग्नघरात पुरणपोळीसाठी नाव असलेली एक काकू असते. तिची पोळी पातळ आणि पुरण अगदी कडेपर्यंत. एका वर्षी घरातली मोठी माणसं तिला म्हणतात, ‘यंदा सगळं स्वयंपाकघर तुम्हीच सांभाळा.’ काकू पदर खोचते आणि जाऊन बसते ती थेट पोळपाटापाशीच. पोळ्या उत्तम होतात. पण कटाची आमटी बुडाला लागते, भाताचं आधण वेळेवर चढत नाही, दोन पुतण्या ‘आम्ही काय करू’ म्हणत दारात ताटकळतात आणि पहिली पंगत कधी बसवायची हे वाढप्यांना कुणी सांगतच नाही. काकूंची काही चूक आहे असं कुणाला वाटत नाही, कारण घामाघूम होऊन त्याच सगळ्यात जास्त राबत असतात.

नव्यानं साहेब झालेल्या माणसाचं पहिलं वर्ष बहुधा असंच जातं. कारखान्यातला सर्वांत कुशल टर्नर सुपरवायझर होतो, शाळेतल्या गणिताच्या नावाजलेल्या बाई मुख्याध्यापिका होतात. बढती मिळते ती हातातल्या कामाच्या जोरावर, आणि बढती मिळताच तेच काम हातातून सोडायचं असतं. या भाषणात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते पुन्हा पुन्हा सांगितलं जाईल. लाटणं खाली ठेवायचं.

ते जमत का नाही? आळस हे कारण नसतं, उलट कामाची ओढ नडते. चाळीस पोळ्या लाटल्या की चाळीस पोळ्या डोळ्यांना दिसतात. दिवसभर इतरांचं काम मार्गी लावलं, कुणाची अडचण सोडवली, वरच्या साहेबांकडून एक जादा माणूस मिळवला, तर संध्याकाळी मोजायला हाती काहीच नसतं. घरी जाताना नव्या साहेबाला वाटतं, आज काही काम झालंच नाही. मग दुसऱ्या दिवशी तो कुणाची तरी फाइल ओढून घेतो आणि स्वतःच पूर्ण करतो. त्याला बरं वाटतं. ज्याची फाइल गेली त्याला काय वाटतं, हे तो विचारत नाही. ते विचारायला हवं.

बँकेत तर असं दुसऱ्याचं काम ओढून घेणं नियमातच बसत नाही. व्यवहाराची नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, अशी तिथली शिस्त असते. दहा-बारा वर्षं काउंटर सांभाळलेली कर्मचारी अधिकारी होते. समोर रांग वाढलेली दिसते, नवा मुलगा कीबोर्डवर अडखळताना दिसतो. तिचे हात शिवशिवतात. पण नोंदही तिनंच केली, तर तपासायला दुसरे डोळे कुणाचे? रांग लवकर सरेल, पण चूक राहिली तर ती पकडणारं कुणी उरणार नाही. तिच्या नव्या खुर्चीचं काम पाहणं हे आहे आणि ते पूर्ण वेळाचं काम आहे.

बँकेवरूनच अजित वाडेकरांची गोष्ट आठवते. स्टेट बँकेत नोकरी करणारे हे डावखुरे फलंदाज १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं भारताचे कप्तान झाले. मुंबईचा संघ त्यांनी सांभाळला होता, पण भारतीय संघात ते तोपर्यंत कप्तान पतौडींच्या हाताखाली खेळलेले होते. वेस्ट इंडीजला भारतानं तोवर एकाही कसोटीत हरवलं नव्हतं. त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वाडेकरांची स्वतःची सरासरी वीसच्याही खाली राहिली. कालपर्यंत ज्या धावांनी त्यांची किंमत ठरत होती, त्याच आटल्या. पण ज्यांची निवड पक्की मानली जात नव्हती आणि ज्यांच्यासाठी वाडेकरांनी आग्रह धरला होता, त्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. नवख्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ केल्या. मालिका भारतानं १-० अशी जिंकली.

मग कप्तानानं केलं काय? किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. सामना चार दिवसांचा उरला, म्हणजे फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरे होती. भारताची आघाडी होती १७० धावांची. हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. ते स्वतः जाऊन वेस्ट इंडीजचे कप्तान सोबर्स यांना सांगून आले की फलंदाजीला पुन्हा तुम्हीच उतरायचं आहे. पोर्ट ऑफ स्पेनला, भारतानं जिंकलेल्या दुसऱ्या कसोटीत, त्यांनी चेंडू सलीम दुराणींच्या हाती दिला. दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. पातेल्याखालचा जाळ बघावा तसं हे काम आहे. धावफलकावर ते कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर भारताला जिंकायला १७३ हवे होते. आदल्या दिवसाच्या ४५ धावांवरच वाडेकर सकाळी धावबाद झाले. ते ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि चक्क झोपले, असं सांगतात. बाहेर सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनिअर, अबिद अली यांनी सामना काढला. इंग्लंडमधला भारताचा तो पहिला कसोटी विजय.

इथे एक प्रश्न हमखास येतो. हाताखालच्याला येतच नसेल तर? मग त्याला शिकवायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नव्या मुकादमांची एकदम गरज पडली, तेव्हा त्यांच्यासाठी दहा तासांचा वर्ग बांधला गेला. १७ लाखांहून अधिक जणांनी अशा वर्गांची प्रमाणपत्रं घेतली. शिकवण्याच्या पायऱ्या चारच होत्या. माणसाला तयार करायचं, काम दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं आणि नंतर अधूनमधून येऊन बघायचं. आपल्याकडचे साहेब दुसऱ्या पायरीवरच अडकतात. ‘बघ, असं करायचं’ म्हणून सगळं स्वतःच करून मोकळे होतात. तिसऱ्या पायरीवर हात मागे बांधून उभं राहावं लागतं. पुतणीची पहिली पोळी फाटणार, दुसरी नकाशासारखी होणार. त्या पानात वाढू नयेत, पण लाटणंही हिसकावू नये. पुरण सैल झालं की कणीक कशी हवी, हे तिच्या तोंडून वदवून घ्यावं. हो, कुणाचा हात भाजला आणि पंगत बसलेली असेल, तर काकूंनी खुशाल बसावं पोळपाटाशी. पण पंगत उठली की त्यांनीही उठावं.

वेळ संपत आली आहे आणि कालच्या मित्रांचा विषय राहिलाच. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले. जुन्या कप्तानाशी नव्यानं कसं बोलायचं, डबा एकत्र खाणाऱ्या मित्राच्या रजेला नाही कसं म्हणायचं, यावर सविस्तर बोलायला हवं होतं. आता इतकंच. या सोमवारी जे पहिल्यांदा नव्या खुर्चीवर बसतील, त्यांनी एका कागदावर काल स्वतः करत होते ती कामं लिहावीत आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालावं. ज्या कामापुढे नाव घालवत नाही, त्याचं शिकवणं त्याच आठवड्यात सुरू करावं.