लोकसंख्या, लोभ आणि लोकशाही

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर, श्रोत्यांच्या आग्रहावरून.)



चार सुशिक्षित माणसे एकत्र जमली आणि देशाच्या दुरवस्थेची चर्चा सुरू झाली, की ती बहुधा एकाच वाक्याशी येऊन थांबते : ‘माणसेच फार झाली, त्याला कोण काय करणार?’ या वाक्यात मोठी सोय आहे. दारिद्र्याचा दोष दरिद्री माणसाच्याच पदरात पडतो आणि बोलणारा मोकळा होतो. कोणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणतो, की मनुष्यस्वभाव मुळात स्वार्थी, त्यात बहुजनसमाज अज्ञानी. तेव्हा मतपेटीने हे प्रश्न सुटावयाचे नाहीत, येथे दंडुकाच हवा. या विधानाची परीक्षा आम्ही पुस्तकी सिद्धांतांवरून करणार नाही. आपल्याच मुलखातील दोन दुष्काळांवरून करणार आहोत.

मात्र एका पुस्तकाचे नाव घ्यावेच लागेल. माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात आणि उपासमार व रोगराई तो हिशेब पुरा करतात, असे माल्थस या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली लिहिले. पुढे १८०५ पासून हाच पंडित ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात अध्यापक झाला. हिंदुस्थानात कारभार करावयास निघालेले तरुण त्याच्यापुढे अर्थशास्त्राचे धडे गिरवून बोटीत बसत. ते धडे वाया गेले नाहीत.

१८७६ साली पावसाने पाठ फिरवली. सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड हे जिल्हे होरपळून निघाले. आगगाडी आलेली होती आणि देशात धान्यही होते. परंतु व्यापारात सरकारने हात घालू नये, चढलेला भाव धान्याला आपोआप ओढून आणील, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे धोरण होते. धान्य परदेशी जाणेही थांबले नाही. येथे व्यापाऱ्याला शिव्या देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही; व्यापारी जे करतो तेच त्याने केले. धान्य पैशाच्या मागे जाते, भुकेच्या मागे जात नाही. कलादगीच्या शेतमजुराजवळ भूक होती, पैसा नव्हता.

आता मनुष्यस्वभावाकडे वळू. दुष्काळाच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला १८७७ च्या जानेवारीत धाडण्यात आले. याच टेंपलने तीन वर्षांपूर्वी बिहारात ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून दुष्काळ आवरला होता आणि माणसे फारशी मरू दिली नव्हती. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला. दक्षिणेत आला तो शहाणा होऊन! दुष्काळी कामावरील गड्याची रोजची मजुरी त्याने एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांमागे वजन कोणते? मत तर कोणालाच नव्हते. १८७६ ते १८७८ या काळात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते.

माणूस तोच, बुद्धी तीच. बिहारात दयाळू असलेला दक्षिणेत कठोर झाला, कारण त्याला जाब विचारणारे कलकत्त्यास आणि लंडनमध्ये बसले होते, सोलापुरास नव्हे.

आता दुसरा दुष्काळ. १९७२ साली महाराष्ट्रात पावसाने पुन्हा दगा दिला. तोपर्यंत माणसे कितीतरी वाढली होती. माल्थसच्या हिशेबाने हाहाकार अधिक व्हावयास हवा होता. हाल झालेच. जनावरे गेली, गावे ओस पडली, लोकांनी लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. खडी फोडून हातांना घट्टे पडलेल्या बाया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पण पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे होती आणि १८७७ ची स्मशाने पुन्हा दिसली नाहीत. राज्यकर्ते देवमाणसे होते म्हणून नव्हे. मोर्चे निघत होते, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते आणि पुढची निवडणूक कोणालाच चुकणार नव्हती. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्याच खडीच्या ढिगांतून निघाला.

लोकशाहीची तरफदारी करताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुष्काळ डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर मोर्चा निघतो. झोपडीत हळूहळू खंगणाऱ्या पोराचा मोर्चा निघत नाही. मतपेटीला ती उपासमार आजही नीटशी दिसलेली नाही.

दंडुक्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. आणीबाणीत मतदाराचा धाक उठला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील कितीतरी जुलमाने. सक्तीचे विधेयक तर महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने १९७६ साली संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७७ च्या मार्चात मतदाराने उत्तर दिले आणि कुटुंबनियोजन हा शब्दच कित्येक वर्षे बदनाम झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते प्राध्यापकी गमावून आणि पुढे खटले सोसून. त्यांनी लोकांना समजावून सांगितले, कोणाला ओढून नेले नाही. केरळात मुली शिकल्या, पोरे जगू लागली आणि १९८० च्या दशकाअखेर तेथे दर स्त्रीमागे सरासरी दोनच्या आसपास मुले होऊ लागली. सबंध देशाचा हा आकडा २०१९-२१ च्या पाहणीत दोनवर आला. ज्या बहुजनसमाजाला अज्ञानी म्हणावयाचे, त्याने हा हिशेब घरच्या घरी केला.

सरकारांचा हिशेब मात्र पाहा. तिसरे मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढविता येऊ नये, असा नियम आंध्र प्रदेशाने १९९४ साली केला. ज्या घरात मूल किती हवे हे बाईला कोणी विचारीत नाही, तेथे पंचायतीची खुर्ची मात्र तिचीच जाणार! २०२४ साली त्याच आंध्रने तो नियम रद्द केला, कारण आता माणसे कमी पडतील अशी तेथील राज्यकर्त्यांना चिंता लागली. मधल्या तीस वर्षांत ज्यांची उमेदवारी गेली, त्यांना कोणी काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.