मनोऱ्याची साक्ष



माणूस साक्षीदार असला की त्याची स्मृती दगा देते. भयापोटी वा लोभापोटी तो जबाबही फिरवतो. यंत्राला भय नाही आणि लोभही नाही. म्हणूनच भ्रमणध्वनीच्या नोंदींवरून आरोपी अमुक वेळी अमुक ठिकाणी होता असे सांगितले गेले, की तो पुरावा निर्णायक वाटू लागतो. या विश्वासाला आधार किती, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम ही नोंद काय सांगते ते पाहू. संभाषण कोणत्या मनोऱ्याने व त्यावरील कोणत्या अँटेनाने हाताळले, एवढेच बहुधा कंपनीच्या दप्तरी लिहिले जाते. एका मनोऱ्यावर सामान्यतः तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. प्रत्येकाचे क्षेत्र दाट वस्तीत काहीशे मीटरांचे, तर उघड्या माळरानावर कित्येक किलोमीटरांचे असू शकते. शिवाय यंत्राची जोडणी जवळच्याच मनोऱ्याशी होते असे नाही. मध्ये टेकडी वा उंच इमारत आली, किंवा जवळच्या मनोऱ्यावर भार वाढला, तर दूरच्या मनोऱ्याची नोंद होते. आणि यंत्र होते तेथे त्याचा मालकही होता, हे तर निराळेच सिद्ध करावे लागते.

डेन्मार्कमध्ये २०१९ साली याहून खोल दोष उघडकीस आला. कंपन्यांकडून आलेली कच्ची माहिती वाचनीय स्वरूपात आणण्यासाठी पोलीस जी संगणकप्रणाली वापरीत, तीच रूपांतर करताना काही नोंदी गाळीत होती. काही यंत्रे भलत्याच मनोऱ्यांशी जोडलेली दाखविली गेल्याचेही पुढे आढळले. २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे फेरतपासणीस घ्यावी लागली. असा पुरावा वापरण्यास दोन महिने मनाई करण्यात आली आणि कोठडीतील ३२ जणांची सुटका झाली. चिंता दुहेरी होती: निरपराध्याला शिक्षा झाली असेल, तसा अपराधी सुटलाही असेल.

अनुवाद करणाऱ्याला यातील मर्म चटकन उमगते. न्यायालयापुढे आला तो मूळ ग्रंथ नव्हता, त्याचा अनुवाद होता. गाळलेले वाक्य अनुवादात दिसत नाही, आणि उरलेली वाक्ये सुबक असली की वाचकाला संशयही येत नाही. मुळाशी ताडून पाहणे हाच त्यावर उपाय.

आपल्याकडे, जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. ती आवश्यकच आहे. परंतु प्रमाणपत्र ग्वाही देते ती नोंदीच्या प्रतीची. तिच्यावरून काढलेल्या अनुमानाची नव्हे.

याचा अर्थ हा पुरावा टाकून द्यावा असा नव्हे. पुण्यातील मनोऱ्याशी जोडलेले यंत्र त्याच क्षणी नागपुरात असू शकत नाही. एखाद्या निरपराध्याला एवढी नोंदही तारू शकेल. मात्र पुण्यातील नेमक्या कोणत्या घरात ते होते, हे तीच नोंद सांगू शकत नाही. म्हणून मूळ नोंद, अँटेनाची दिशा आणि प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र या तीन गोष्टी बचावपक्षाला मागता आल्या पाहिजेत व मिळाल्या पाहिजेत. मनोऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाची घेता येते. ती कसून घेतली जावी, कारण तिच्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते.