वर्षभराच्या वाचनाचा ताळेबंद



वर्षअखेरीस वाचक मागे वळून पाहतो, तेव्हा पुस्तकांची संख्या गौण ठरते. कोणते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटले, हेच उरते. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकासाठी असे एक पुस्तक म्हणजे १९०७ साली प्रसिद्ध झालेले विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले आणि १८५७च्या बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा संहार त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. गंगोदकाची कावड मात्र त्यांनी घरी पोहोचवली.

परप्रांतातील पालकांच्या खांद्यावर भाषेची तशीच कावड आहे. शाळा अक्षरओळख देते. वाचनाची गोडी घरातच लागते. हीरकमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरी रोज दोन पाने मोठ्याने वाचली जावीत.