मिरची आणि माडाचा शिर्का



वसंतातील या व्याख्यानमालेस गहन विषयांची परंपरा असताना मी गोमंतकातील रेशाद मसाल्याचा, म्हणजे शिर्क्यात वाटलेल्या त्या लालजर्द आंबट-तिखट गोळ्याचा, विषय घेऊन उभा राहिलो, याबद्दल चालकांनी राग मानू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागलेली मिरची आज घरोघर मालकिणीच्या तोऱ्यात वावरत असली, तरी या वाटणात खरी मुखत्यारी तिची नव्हे, शिर्क्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोर्तुगीजांची सवय द्राक्षाच्या शिर्क्याची. गोमंतकात द्राक्ष नव्हते, माड होता. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून, पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासून जी सूर उतरवतो, तिच्यातील साखरेचे प्रथम मद्य होते, आणि पुढे हवेच्या सान्निध्यात राहिल्यास त्याच मद्याचे आम्ल होते; तोच माडाचा शिर्का. ही दुसरी करामत सूक्ष्म जिवांची, हे पाश्चरने 1864 साली सप्रमाण मांडले. म्हणूनच जाणती गृहिणी सुरेच्या भांड्याच्या तोंडास घट्ट बूच न लावता फडके बांधते.

आता कृती. देठ काढलेल्या सुक्या लाल मिरच्या रात्रभर शिर्क्यात बुडवून ठेवाव्यात. सकाळी साल फुगून इतकी मऊ होते की, चिमटीत धरताच सुटते. मग लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, मीठ आणि चवीपुरता गूळ घालून रगड्यावर गंधासारखे वाटावे. वाटण कोरडे पडल्यास शिर्काच शिंपडावा, पाण्याचा थेंबही लावू नये. कारण शेकडा चार-पाच अंश आम्लाच्या जोरावर जो बंदोबस्त झालेला असतो, तो पाण्याने सैल पडतो आणि बुरशीला आयताच शिरकाव मिळतो. तांब्यापितळेची भांडी आम्लाने कळकतात, सबब चिनी मातीची बरणीच घ्यावी. तिखट कमी हवे असल्यास केवळ बिया झटकून भागत नाही. खरा जाळ बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो, आणि तो पाण्यात विरघळत नसल्यामुळे, जीभ पोळल्यावर तांब्याभर पाणी ढोसणाऱ्यांची फजिती होते. त्यांनी दूध मागावे.

अमेरिकेतील लुइझियाना प्रांती, एव्हरी बेटावर, मॅकिलहेनी घराण्याने 1868 पासून चालविलेल्या टबॅस्को सॉसची रीत नेमकी उलट आहे: तेथे ठेचलेली मिरची मिठासह ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरते आणि शिर्क्याचा प्रवेश त्यानंतर होतो. त्या पातळ द्रवाची लज्जत मी नाकारीत नाही. पण चिरा दिलेल्या बांगड्याच्या पोटात तो ठरणार कसा? तेथे दाट रेशादच हवा. शाकाहारी मंडळींनीही नाक मुरडण्याचे कारण नाही. वांग्यांत किंवा भेंडीत भरून, मंद आचेवर तेल सोडून परतल्यास हाच मसाला त्यांचीही उत्तम बरदास्त ठेवतो.